सर्व्हरच्या फर्मवेअरमधील हार्डवेअर-वर्णन: मुक्त-स्रोत समूहांत मतैक्य घडवण्याची रीत

नवा सर्व्हर बाजारात येतो, तेव्हा त्यावर चालवायची ऑपरेटिंग सिस्टीम बहुतेक वेळा आधीच प्रसिद्ध झालेली असते. डेटा सेंटरमधला ग्राहक पूर्वीच निवडलेले लिनक्स डिस्ट्रिब्युशन नव्या यंत्रावर जसेच्या तसे बसवू पाहतो, आणि मधल्या काळात कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, कितीही बदलला तरी तेच यंत्र पुढची अनेक वर्षे बिनतक्रार चालावे, अशी त्याची रास्त अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी होणार की नाही, हे फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर, कर्नलच्या हाती जे हार्डवेअरचे वर्णन देते त्यावर ठरते: प्रोसेसर किती आहेत, इंटरप्ट कंट्रोलर कोणत्या पत्त्यावर आहे, पीसीआय एक्सप्रेसची कॉन्फिगरेशन जागा कोठे सुरू होते, सीरियल पोर्ट कोणत्या जातीचा आहे. हे वर्णन एक जण लिहितो आणि अनेक जण वाचतात. त्या वाचणाऱ्यांत काल प्रसिद्ध झालेला कर्नल असतो, तसा पाच वर्षांनी लिहिला जाणारा कर्नलही असतो. सातबाऱ्यावरची नोंद जशी ती न पाहिलेल्या माणसांनाही बांधून टाकते, तसेच हे वर्णन पुढच्या सगळ्या कर्नलांना बांधून टाकते. म्हणून ते कसे लिहायचे यावर आधी एकमत लागते.

एक्स-८६ सर्व्हरांपुरता हा प्रश्न जुना आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआयचा, म्हणजे हे वर्णन तक्त्यांतून देण्याच्या पद्धतीचा, पहिला मसुदा (नियमांचा प्रमाण दस्तऐवज) प्रसिद्ध केला आणि त्यानंतर त्या जगाने दुसरी भाषा शोधली नाही. ६४-बिट आर्म सर्व्हर येऊ लागले तेव्हा मात्र प्रश्न पुन्हा उघडला, कारण आर्मच्या जगात तोवर डिव्हाइस ट्री, म्हणजे तेच वर्णन झाडासारख्या रचनेत देणारी दुसरी पद्धत, रुळली होती. आर्मने जानेवारी २०१४ मध्ये सर्व्हरसाठीचा एसबीएसए हा पायाभूत मसुदा आणला, त्याच वर्षी एसीपीआय ५.१ मध्ये आर्मला लागणारे तक्ते आले, आणि बऱ्याच वादानंतर जून २०१५ च्या लिनक्स ४.१ मध्ये ६४-बिट आर्मसाठी एसीपीआय दाखल झाले. आज रिस्क-व्ही ही खुली प्रोसेसर-रचना त्याच वाटेने चालली आहे. पुण्या-बंगळुरूत फर्मवेअरवर काम करणारे मराठी अभियंते थोडे नाहीत, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने आर्मच्या निओव्हर्स व्ही-१ गाभ्यांवर आधारलेला ‘औम’ प्रोसेसर हाती घेतल्यापासून हा विषय आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. नव्या चिपचे किंवा बोर्डाचे वर्णन लिहून ते मुख्य प्रवाहातील प्रकल्पांना मान्य करून घ्यायचे असेल, तर कोणत्या क्रमाने जावे, ते पुढे दिले आहे.

पायरी १: कोणत्या गोष्टीचा ताबा कोणाकडे, हे आधी ठरवा

‘एसीपीआय की डिव्हाइस ट्री’ हा वाद बहुधा मांडणीवरून सुरू होतो: एकात तक्ते आणि बाइटकोड, दुसऱ्यात गाठी आणि गुणधर्म. पण खरा फरक ताब्याचा आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये कर्नलला क्लॉक, व्होल्टेज रेग्युलेटर, रीसेटच्या तारा, पिनांची मांडणी असे सगळे सांगितले जाते आणि त्यांचा कारभार कर्नल स्वतः करतो. एसीपीआयमध्ये यातले बरेचसे काम फर्मवेअर स्वतःकडे ठेवते. उपकरण चालू स्थितीत कर्नलच्या हाती द्यायचे, आणि पुढे वीज कमी-जास्त करायची झाली तर ठरलेल्या नावांच्या मेथडमधून ती करून द्यायची, असा तो करार आहे.

सर्व्हरसाठी दुसरा करार सोयीचा का ठरतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर बदलला, तर डिव्हाइस ट्रीच्या पद्धतीत त्या रेग्युलेटरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असावा लागतो. म्हणजे आधीच प्रसिद्ध झालेले डिस्ट्रिब्युशन त्या बोर्डावर अडते. एसीपीआयच्या पद्धतीत हा बदल फर्मवेअरच्या आतच मिटतो. शिवाय हार्डवेअरमधील दोषांची नोंद कर्नलपर्यंत पोहोचवणारी एपीईआय ही व्यवस्था, म्हणजे हेस्ट, बर्ट, अर्स्ट आणि आइन्ज हे तक्ते, एसीपीआयचाच भाग आहेत, आणि मोठ्या मेमरीच्या सर्व्हरला त्यांच्याशिवाय चालत नाही. उलट, एखादी छोटी, बंदिस्त वस्तू बनवायची असेल, तिचा कर्नल आपणच बांधणार असाल आणि उर्जेचा बारीक हिशेब कर्नलनेच करावा अशी गरज असेल, तर डिव्हाइस ट्री अधिक प्रामाणिक निवड आहे. अशा वस्तूसाठी यूईएफआय (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला प्रमाण दुवा) आणि डिव्हाइस ट्री यांची सांगड घालणारा ईबीबीआर हा वेगळा मसुदाही उपलब्ध आहे.

तेव्हा पहिल्या बैठकीत तक्त्यांचा विषय काढू नये. एक कागद घ्यावा, डाव्या बाजूला क्लॉक, पंखे, उर्जा, रीसेट, प्रोसेसर चालू-बंद करणे, दोषांची नोंद अशी कामे लिहावीत, आणि प्रत्येकासमोर त्याचा मालक लिहावा: हार्डवेअर स्वतः, फर्मवेअर, की कर्नल. आर्मवर प्रोसेसर चालू-बंद करण्याचे काम पीएससीआय या फर्मवेअर-इंटरफेसकडे जाईल, प्रोसेसरच्या वेगाची देवाणघेवाण सीपीपीसी या एसीपीआयमधील व्यवस्थेकडे जाईल. एखाद्या कामासमोर दोन मालक आले, तर तिथेच थांबून निर्णय घ्यावा. एकाच क्लॉकला कर्नल आणि फर्मवेअर दोघांनीही हात लावला, की त्यातून उद्भवणारे दोष शोधण्यात महिने जातात, आणि ते कोणत्याही तक्त्याच्या दुरुस्तीने सुटत नाहीत.

दोन्ही वर्णने एकत्र देऊन सगळ्यांना खूश करण्याचा मोह टाळावा. ६४-बिट आर्मवरील लिनक्सचा नियम असा आहे की, डिव्हाइस ट्री रिकामी नसेल, म्हणजे तिच्यात बूटच्या माहितीपलीकडे काही असेल, तर कर्नल एसीपीआयकडे वळत नाही. वापरकर्त्याने बूट-ओळीवर एसीपीआय सक्तीने चालू केले तरच वळतो. म्हणजे दोन्ही दिली तर त्यांतली एक कोणी वापरत नाही, तिची चाचणी होत नाही, आणि हळूहळू ती चुकीची होत जाते.

पायरी २: वर्णनाची गरजच कमी करा

मतैक्याची सर्वांत स्वस्त वाट म्हणजे ज्याचे वर्णन करावे लागत नाही असे हार्डवेअर. पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबीवरची उपकरणे स्वतःची ओळख स्वतः देतात, म्हणून त्यांच्याबद्दल फर्मवेअरने बोलू नये. ज्यांना अशी ओळख देता येत नाही, त्यांनी निदान आधीपासून ठरलेल्या रूपात यावे. एसबीएसएने नेमके हेच मागितले: इंटरप्ट कंट्रोलर आर्मचा जीआयसीच असावा, टायमर आर्मचा जेनेरिक टायमरच असावा, कन्सोलचा यूएआरटी (सीरियल पोर्ट चालवणारा घटक) आर्मच्या पीएल-०११ शी मिळत्याजुळत्या किमान रूपात असावा, आणि पीसीआय एक्सप्रेसची कॉन्फिगरेशन जागा ईसीएएमच्या, म्हणजे मेमरीच्या पत्त्यांतून थेट वाचण्याच्या, रीतीने उघडी असावी.

ईसीएएमचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्याची सगळी व्याख्या एका बेरजेत मावते. प्रत्येक फंक्शनला ४ केबी कॉन्फिगरेशन जागा मिळते. एका डिव्हाइसमध्ये ८ फंक्शने, म्हणून डिव्हाइसला ३२ केबी. एका बसवर ३२ डिव्हाइसे, म्हणून बसला १ एमबी. आणि एका सेगमेंटमध्ये २५६ बस, म्हणून सेगमेंटला २५६ एमबी. बस ३, डिव्हाइस २, फंक्शन १ यांची जागा हवी असेल, तर मूळ पत्त्यात ३ एमबी, ६४ केबी आणि ४ केबी मिळवायचे, आणि साधे मेमरी-वाचन करायचे. त्यामुळे फर्मवेअरला एमसीएफजी या तक्त्यात फारच थोडे सांगावे लागते. नेहमीचे ३६ बाइटचे शीर्षक, त्यानंतर ८ राखीव बाइट, आणि मग प्रत्येक सेगमेंटसाठी १६ बाइटची एक नोंद: मूळ पत्ता ८ बाइट, सेगमेंटचा क्रमांक २, पहिली बस १, शेवटची बस १, उरलेले ४ राखीव. एका सेगमेंटच्या सर्व्हरचा एमसीएफजी ६० बाइटांत संपतो, आणि तो वाचणाऱ्या कर्नलला चिप कोणाची आहे हे कळण्याची गरजच उरत नाही.

सुरुवातीच्या अनेक आर्म चिपमध्ये ही बेरीज पूर्ण जुळत नव्हती. काहींत रूट पोर्टची जागा वेगळ्या रजिस्टरांत होती, काहींत ठरावीक रुंदीचेच वाचन चालत असे. एसीपीआय वापरून असे बोर्ड चालवण्यासाठी लिनक्स ४.१० मध्ये एमसीएफजीच्या अपवादांची एक यादी घालावी लागली. त्या यादीतली प्रत्येक ओळ तक्त्याच्या शीर्षकातील ओईएम आयडी (बनवणाऱ्या कंपनीची खूण), ओईएम टेबल आयडी आणि ओईएम रिव्हिजन यांवरून चिप ओळखते आणि तिच्यासाठी वेगळा मार्ग घेते. क्वालकॉम, हायसिलिकॉन, कॅव्हियम, अप्लाइड मायक्रो अशा अनेकांच्या ओळी तिथे आहेत. मेंटेनरांनी, म्हणजे कर्नलचे भाग सांभाळून बदल स्वीकारणाऱ्यांनी, ही यादी मोठ्या अनिच्छेने स्वीकारली, आणि त्यांची अनिच्छा योग्य होती. कारण अशी ओळ ज्या कर्नलमध्ये नाही, त्या कर्नलवर त्या सर्व्हरची पीसीआय एक्सप्रेस चालत नाही. जुने डिस्ट्रिब्युशन नव्या यंत्रावर चालावे, या मूळ उद्देशालाच तडा जातो.

म्हणून ही पायरी फर्मवेअर अभियंत्याने चिपची रचना करणाऱ्यांच्या खोलीत बसून पार पाडायची आहे, तयार चिप कारखान्यातून परत आल्यावर नव्हे. त्या टप्प्यावर एक रजिस्टर हलवणे सोपे असते. नंतर तेच काम तीन प्रकल्पांत, सहा मेंटेनरांसमोर आणि प्रत्येक डिस्ट्रिब्युशनसाठी वेगळे करावे लागते.

पायरी ३: उपकरणांची यादी आणि त्यांची ओळख

आता जे उरले, त्याची यादी करावी. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असाव्यात: उपकरण, त्यासाठी आधीच ठरलेला तक्ता किंवा ओळखक्रमांक आहे का, आणि नसेल तर नवा का लागतो.

बहुतेकांसाठी जागा ठरलेली असते. इंटरप्ट कंट्रोलर आणि प्रोसेसर एमएडीटीमध्ये, टायमर जीटीडीटीमध्ये, एसएमएमयू (उपकरणांच्या मेमरी-पत्त्यांचे भाषांतर करणारा घटक) आणि त्यामागची उपकरणे आयओआरटीमध्ये, कॅशची रचना पीपीटीटीमध्ये, कन्सोल एसपीसीआरमध्ये जातो. मुख्य वर्णन असलेल्या डीएसडीटीमध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या होस्ट ब्रिजला ‘पीएनपी०ए०८’, एक्सएचसीआय यूएसबीला ‘पीएनपी०डी१०’, प्रोसेसरला ‘एसीपीआय०००७’, पॉवर बटणाला ‘पीएनपी०सी०सी’ हे क्रमांक आहेत. पीसीआयवर नसलेल्या एएचसीआय कंट्रोलरसाठी तर नवा क्रमांकही लागत नाही; _सीएलएस या वर्ग सांगणाऱ्या नोंदीत ०१-०६-०१ हा वर्ग लिहिला, की सर्वसाधारण ड्रायव्हर त्याला ओळखतो.

खरोखरच नवे उपकरण असेल, तर यूईएफआय फोरमकडून कंपनीचा स्वतःचा पूर्वप्रत्यय नोंदवून घ्यावा. पीएनपी पद्धतीचा पूर्वप्रत्यय तीन अक्षरी असतो आणि एसीपीआय पद्धतीचा चार अक्षरी. त्यापुढचे चार हेक्साडेसिमल अंक आपण द्यायचे असतात. हे अंक कंपनीत कोण वाटतो, याची एकच वही आणि एकच जबाबदार माणूस असावा. दोन गटांनी एकच क्रमांक दोन वेगळ्या उपकरणांना दिल्याचे बाहेर गेल्यावर कळले, तर ते मागे घेता येत नाही. नियम असा ठेवावा: जुना ड्रायव्हर नव्या हार्डवेअरवर बदल न करता चालत असेल, तर नवा क्रमांक _एचआयडीमध्ये (उपकरणाची मुख्य ओळख) आणि जुना क्रमांक _सीआयडीमध्ये (सुसंगत उपकरणाची ओळख), चालत नसेल, तर जुना क्रमांक कोठेही नको.

या पायरीवर सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट _सीसीए ही आहे. उपकरणाचा डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचणे-लिहिणे) कॅशशी सुसंगत आहे की नाही, हे ती सांगते. एक्स-८६ वर ती नसली तरी सुसंगती गृहीत धरली जाते, त्यामुळे तिथून आलेल्या अभियंत्याला तिची सवय नसते. ६४-बिट आर्मवर उपकरणाला किंवा त्याच्या पालक-गाठीला _सीसीए नसेल, तर लिनक्स त्या उपकरणाला डीएमए करू देत नाही. उपकरण दिसते, ड्रायव्हर लागतो, आणि काम मात्र होत नाही, असा प्रकार दिसला की आधी इथे पाहावे.

पायरी ४: _डीएसडीचा संयमाने वापर

एसीपीआय ५.१ ने _डीएसडी आणले आणि उपकरणाला नाव-मूल्याच्या जोड्या चिकटवण्याची सोय झाली. लगेच अनेकांना वाटले की, डिव्हाइस ट्रीमधले सगळे गुणधर्म उचलून इथे ओतावेत. लिनक्समध्ये दोन्ही भाषांतून गुणधर्म एकाच फंक्शनने वाचता येतात, आणि ‘पीआरपी०००१’ या विशेष क्रमांकामुळे डिव्हाइस ट्रीची ओळखही एसीपीआयमधून देता येते, म्हणून हा मोह अधिकच वाढतो.

सर्व्हरवर तो आवरावा, असे माझे ठाम मत आहे. नेटवर्क कंट्रोलरचा फिफो (तात्पुरत्या साठवणीची रांग) किती मोठा आहे, सेन्सर कोणत्या कोनात बसवला आहे, अशी उपकरणाची निरुपद्रवी माहिती _डीएसडीमध्ये शोभते. क्लॉक, रेग्युलेटर, इंटरप्ट यांसारख्या ज्या गोष्टींना एसीपीआयमध्ये आधीच ठरलेला अर्थ आहे, त्या _डीएसडीमधून मागच्या दाराने आणू नयेत. तसे केले, की पहिल्या पायरीत ज्याचा ताबा फर्मवेअरला दिला, तो नकळत कर्नलकडे परत जातो, आणि विंडोज किंवा फ्रीबीएसडीला त्या गुणधर्मांचा अर्थच लागत नाही. पुनरावलोकनात मेंटेनर हाच प्रश्न विचारतात: ही माहिती लिनक्सच्या एका ड्रायव्हरसाठी आहे, की हार्डवेअरबद्दलचे सत्य आहे? उत्तर पहिले असेल, तर गुणधर्म काढून टाकावा.

पायरी ५: नवा मसुदा लागत असेल तर तो उघड्यावर लिहा

कधी कधी असलेल्या तक्त्यांत आपले हार्डवेअर बसतच नाही आणि मसुद्यात भर घालावी लागते. ऑक्टोबर २०१३ पासून एसीपीआयची देखभाल यूईएफआय फोरमकडे आहे. फोरमच्या जुन्या रीतीत मसुद्यावरची चर्चा सदस्यांपुरती गुप्त असे. मुक्त-स्रोत समूहांची यात मोठी अडचण होत असे, कारण प्रसिद्ध न झालेल्या मसुद्यावर आधारलेला कोड कर्नलचे मेंटेनर घेत नाहीत, आणि कोड लिहून न पाहिलेला मसुदा पुढे चुकीचा निघण्याची शक्यता राहते. या कोंडीतून ‘कोड आधी’ ही रीत आली. मसुद्याचा प्रस्ताव आणि त्याला आधार देणारा कोड टियानोकोअर या यूईएफआयचे मुक्त-स्रोत फर्मवेअर लिहिणाऱ्या समूहाच्या उघड्या जागेत एकत्र मांडायचा, त्यावर कोणीही मत द्यायचे, आणि सूर जुळला की फोरमच्या कार्यगटाने तो औपचारिक मंजुरीसाठी घ्यायचा. अशा टप्प्यातील कोडमध्ये नव्या नावांना त्या प्रस्तावाच्या नोंदीच्या क्रमांकाचा पूर्वप्रत्यय लावतात, म्हणजे कच्चा मसुदा कोणी पक्का समजून उत्पादनात वापरत नाही.

प्रस्ताव लिहिताना आधी समस्या, मग असलेल्या तक्त्यांनी ती का सुटत नाही ते, मग प्रस्तावित मजकूर, आणि शेवटी जुन्या कर्नलने हा तक्ता पाहिला तर काय होईल ते, असा क्रम ठेवावा. शेवटचा मुद्दा बहुतेक प्रस्तावांत राहून जातो, आणि चर्चा नेमकी तिथेच अडकते. आपल्या एका चिपच्या गरजेऐवजी त्या वर्गातील निदान दोन उत्पादकांची गरज दाखवता आली, तर प्रस्ताव बराच पुढे सरकतो. म्हणून स्पर्धक कंपनीतील अभियंत्याशी आधीच बोलणे यात गैर काही नाही, उलट तेच अपेक्षित आहे. रिस्क-व्हीचा प्रोसेसरच्या क्षमता सांगणारा आरएचसीटी तक्ता आणि एमएडीटीमधील आरआयएनटीसी नोंद याच मार्गाने आली. तत्त्वतः मंजुरी मिळाल्यावर २०२३ मध्ये लिनक्समध्ये त्यांचा आधार आला, आणि मे २०२५ च्या एसीपीआय ६.६ मध्ये त्या छापून आल्या.

मजकुराचा परवानाही इथेच पाहावा. आर्म सर्व्हरच्या नियमांत एसपीसीआर तक्ता सक्तीचा होता, पण त्याची व्याख्या मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात होती आणि तिचा परवाना मुक्त-स्रोत प्रकल्पांना सोयीचा नव्हता. ऑगस्ट २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसपीसीआर आणि डीबीजी-२ (डीबग पोर्टांचा तक्ता) हे दोन्ही दस्तऐवज ओपन वेब फाउंडेशनच्या परवान्याखाली खुले केले, आणि त्यानंतरच लिनक्समधील आधाराचा मार्ग मोकळा झाला. तांत्रिक वाद सगळा मिटलेला असताना परवान्याच्या एका ओळीसाठी काम अडू शकते. आपल्या मसुद्याचा परवाना पहिल्या दिवशी वकिलांकडून लेखी घ्यावा.

पायरी ६: डिव्हाइस ट्री निवडली असेल तर

इथली रीत वेगळी असली तरी शिस्त तीच आहे. गुणधर्मांची व्याख्या, म्हणजे बाइंडिंग, यामल भाषेतील स्कीमामध्ये लिहावी आणि ती कर्नलच्या स्वयंचलित तपासणीतून स्वच्छ बाहेर पडल्याशिवाय पाठवू नये. पॅचांचा, म्हणजे पाठवायच्या कोड-बदलांचा, क्रम ठरलेला आहे: आधी बाइंडिंग, मग ड्रायव्हर, मग बोर्डाची फाइल. ओळखीत नेमक्या चिपचे नाव द्यावे. ‘एक्सएक्स’ लावून सगळे कुटुंब एकाच नावात गुंडाळू नये, कारण पुढची चिप त्या नावात बसेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. नव्या बाइंडिंगला जीपीएल आणि बीएसडी असा दुहेरी परवाना द्यावा, म्हणजे यू-बूट, फ्रीबीएसडी, झेफर या इतर प्रकल्पांनाही ती वापरता येते. आणि एकदा स्वीकारलेली बाइंडिंग हा करार असतो: नवा कर्नल जुन्या डिव्हाइस ट्रीवर चालला पाहिजे.

पायरी ७: बोर्ड हाती येण्याआधीची आणि नंतरची तपासणी

क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हर्ट’ आणि ‘एसबीएसए-रेफ’ ही दोन आर्म यंत्रे आहेत. दुसरे तर सर्व्हरच्या नियमांप्रमाणेच बांधलेले आहे. त्यावर टियानोकोअरचे ईडीके-२ फर्मवेअर चालवून चांगले तक्ते कसे दिसतात, ते आधी पाहून ठेवावे. आपल्या बोर्डावरचे तक्ते एसीपीआय-डंप या साधनाने काढावेत, आयएएसएल या साधनाने वाचनीय रूपात उलगडावेत आणि क्यूईएमयूच्या तक्त्यांशेजारी ठेवून ओळीने वाचावेत. हे कंटाळवाणे वाटते, पण अर्ध्या चुका इथेच दिसतात: एफएडीटी या तक्त्यात हार्डवेअर-रिड्यूस्डची (एक्स-८६ पद्धतीचे जुने एसीपीआय हार्डवेअर नाही, असे सांगणारी) बिट लावायची राहिलेली असते, पीएससीआयची बिट विसरलेली असते, किंवा एमएडीटीमधील प्रोसेसरचा यूआयडी (ओळखीचा आकडा) डीएसडीटीमधील यूआयडीशी जुळत नसतो.

त्यानंतर कॅनोनिकलचा फर्मवेअर टेस्ट सूट आणि आर्मचे अनुरूपता-चाचणी संच चालवावेत. आर्मचा २०२० पासूनचा सिस्टमरेडी कार्यक्रम याच चाचण्यांवर उभा आहे. परंतु चाचणी-संच उत्तीर्ण होणे पुरेसे नाही. खरी परीक्षा एकच आहे: आपला बोर्ड तयार होण्याआधी प्रसिद्ध झालेले, एक अक्षरही न बदललेले डिस्ट्रिब्युशन यूएसबीवरून बूट करावे, डिस्कवर बसवावे आणि नेटवर्कवर आणावे. मग तेच फ्रीबीएसडीने करून पाहावे. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम अडली, तर दोष तिचा आहे असे मानण्याआधी आपण लिनक्सच्या एखाद्या सवयीवर विसंबलो आहोत का, ते तपासावे.

समोर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे हे _ओएसआयने विचारून त्याप्रमाणे वेगळे वागणारे फर्मवेअर लिहू नये. लिनक्सच्या ६४-बिट आर्मच्या मार्गदर्शनात हे स्पष्ट नाकारलेले आहे. ‘तू लिनक्स आहेस का’ या फर्मवेअरच्या प्रश्नाला लिनक्स स्वतःच मुळात नाही म्हणते. कोणती क्षमता कोणाकडे, याची बोलणी _ओएससीने करावी.

पायरी ८: पॅच कोणत्या क्रमाने पाठवावेत

मसुद्याची मंजुरी, मग एसीपीआयसीए (एसीपीआयचा सामाईक मुक्त-स्रोत कोड), मग ईडीके-२, आणि मग कर्नल, हा सुरक्षित क्रम आहे. लिनक्समधील एसीपीआयचा गाभा एसीपीआयसीएमधून येतो, त्यामुळे तक्त्याची व्याख्या थेट कर्नलमध्ये घालण्याचा प्रयत्न केला तर पॅच परत येतो. पहिल्या मालिकेसोबत मसुद्याचा दुवा, उलगडलेला तक्ता आणि बूटची नोंद द्यावी. पुनरावलोकनात आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे, आणि जी हरकत मान्य नाही तिचे कारणही त्याच ठिकाणी लिहावे. खासगी पत्रव्यवहारात झालेला निर्णय दोन वर्षांनी कोणाला सापडत नाही.

पायरी ९: चुकीचे वर्णन बाहेर गेले तर

बाहेर गेलेले फर्मवेअर ग्राहक वर्षानुवर्षे बदलत नाहीत, हे धरून चालावे. अप्लाइड मायक्रोच्या एक्स-जीन चिपचा यूएआरटी १६५५० या प्रचलित यूएआरटीसारखाच होता, पण त्याची रजिस्टरे ३२-बिट अंतरावर होती आणि फर्मवेअरने एसपीसीआरमध्ये वाचनाची रुंदी मात्र ८ बिट अशी लिहिली होती. एसपीसीआरमधील पत्त्याची रचना १२ बाइटांची असते, आणि त्यातला एक बाइट फक्त ही रुंदी सांगण्यासाठी असतो. तो एक बाइट चुकला, तर कन्सोल मुका राहतो. अखेर लिनक्सच्या सर्वसाधारण एसपीसीआर कोडमध्ये एका चिपसाठी स्वतंत्र फंक्शन लिहावे लागले, आणि ते ओईएम आयडी व ओईएम टेबल आयडी पाहून रुंदी ३२ बिट धरते. तो कोड आजही तिथे आहे.

यातून घ्यायची खबरदारी अशी. तक्त्याच्या शीर्षकातील सहा बाइटांचा ओईएम आयडी आणि आठ बाइटांचा ओईएम टेबल आयडी संदर्भ-फर्मवेअरमधून आले तसे ठेवू नयेत. ते आपल्या कंपनीचे आणि आपल्या चिपचे असावेत, नाहीतर दुसऱ्याच्या चुकीसाठी लिहिलेला अपवाद आपल्या निर्दोष बोर्डावर लागू होईल. चूक सापडली, की आधी फर्मवेअर दुरुस्त करावे, त्याच वेळी ओईएम रिव्हिजन वाढवावी, आणि त्यानंतरच कर्नलमध्ये अपवाद मागावा. तो अपवाद फक्त जुन्या रिव्हिजनपुरता बांधावा आणि पॅचच्या वर्णनात दुरुस्त फर्मवेअरची आवृत्ती नोंदवावी. मेंटेनर असा अपवाद सहसा स्वीकारतात, कारण दुरुस्ती झालेली आहे आणि अपवादाची व्याप्ती बांधलेली आहे, हे त्यांना त्या एकाच पॅचमध्ये दिसते. पुढच्या चिपच्या रचनेची बैठक असेल, तेव्हा हा पॅच छापून टेबलावर ठेवावा आणि दुसऱ्या पायरीत हार्डवेअरकडून जे मागायचे, त्यात त्या रजिस्टरांच्या अंतरासाठी एक ओळ वाढवावी.